ब्रुअरी वरून खाली वाचावी लागते: बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या नगररचना समितीस खुले पत्र

प्रति,
नगररचना समितीचे सर्व सदस्य, आणि जुन्या ब्रुअरींच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्यांच्या, जागा घेऊन तिथे नवं काही उभारू पाहणारे सगळे,
बर्टन-अपॉन-ट्रेंट, स्टॅफर्डशर, इंग्लंड

सन्माननीय सदस्यहो,

पत्र मराठीत आहे याचं तुम्हांला नवल वाटेल. पण एकोणिसाव्या शतकात तुमच्या गावात भरलेली बिअरची पिंपं आफ्रिकेला वळसा घालून मुंबईच्या बंदरात उतरत होती, आणि त्या काळच्या इथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत ऑलसॉप आणि बास या तुमच्या ब्रुअरींची नावं जाहिरातींतून झळकत होती. तुमच्या हाय स्ट्रीटवर काय उभं होतं आणि आता काय उरलं आहे, यावर आम्हीही दोन शब्द बोलायला हरकत नसावी. दारू चांगली की वाईट हा वाद मात्र या पत्रात नाही. तो घालायला इमारत लागत नाही.

विल्यम बासनं १७७७ साली हाय स्ट्रीटवर ब्रुअरी सुरू केली. शंभर वर्षांनी, १८७७ च्या सुमाराला, बास ही जगातली सर्वांत मोठी ब्रुअरी झाली होती. वर्षाला दहा लाख पिंपं, आणि ब्रुअरीच्या हिशेबातलं एक पीप म्हणजे ३६ गॅलन, सुमारे १६४ लिटर. त्याच रस्त्यावर वर्दिंग्टन होते, ऑलसॉप होते, सॉल्ट होते. १८८० च्या दशकाच्या अखेरीस एवढ्याशा गावात तीसहून अधिक ब्रुअरी चालत होत्या. त्यांतली हाय स्ट्रीटवरची बासची जुनी ब्रुअरी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पाडली गेली. तिच्या आजूबाजूचंही बरंच काही गेलं.

आज तिच्याविषयी विचाराल तर ठरावीक गोष्टी ऐकायला मिळतात. संस्थापकाचं नाव आणि साल. लाल त्रिकोण, जो १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनमधला पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क ठरला. त्यासाठी कंपनीचा माणूस आदल्या रात्रीपासून कचेरीच्या दाराशी रांगेत बसला होता म्हणे. मग फ्रेंच चित्रकार एदुआर माने याचं १८८२ चं ते चित्र, ज्यात पॅरिसमधल्या बारच्या काउंटरवर त्याच त्रिकोणाची बाटली दिसते. रांगेची दंतकथा बाजूला ठेवली तर हे सगळं खरं आहे. पण हे चरित्र लेबलाचं आहे. ज्या भिंतींच्या आत ते लेबल लावण्याजोगं काही तयार होत होतं, त्या भिंती नेमकं काय करत होत्या हे यातून कळत नाही. भिंती काम करत होत्या, हे मी शब्दशः म्हणतो आहे.

जुनी ब्रुअरी उंच का असायची? श्रीमंती मिरवायला नव्हे. माल्ट, म्हणजे मोड आणून भट्टीवर वाळवलेला जव, पोत्यांतून सर्वांत वरच्या मजल्यावर ओढून घ्यायचा. पाण्याच्या टाक्याही वरच. एकदा वर चढवलं की पुढचं काम गुरुत्वाकर्षणाकडे. माल्ट खालच्या मजल्यावरच्या चक्कीत भरडला जायचा, तिथून आणखी खाली मोठ्या हौदात गरम पाण्यात भिजायचा आणि त्यातला स्टार्च साखरेत उतरायचा. तो गोड काढा तांब्याच्या प्रचंड हंड्यांत हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं, घालून उकळायचा. उकळलेला काढा पंपानं पुन्हा एकदा वर, थेट छपराखालच्या उथळ, पसरट हौदांत जायचा. तिथल्या भिंतींना काचा नसत, तिरप्या फळ्यांच्या झडपा असत. त्यांतून आरपार वारा खेळायचा आणि काढा निवायचा. तिथून पुन्हा उतरण सुरू: आंबवण्याचे हौद, पिंपं भरण्याची खोली, तळघर.

म्हणजे छपराची झडप हे थंड करण्याचं यंत्र होतं. जमिनीला पाडलेली भोकं, त्यांवरचे लोखंडी कठडे, तुळईला अडकवलेली कप्पी, भिंतीतून गेलेल्या नळाची उंची, जाड विटांचं तळघर हे सगळे यंत्राचेच भाग. अशा इमारतीचा रस्त्याकडचा दर्शनी भाग कितीही सुबक असला तरी त्यातून तिचं काम कळत नाही. दर्शनी भाग ठेवून मागे सदनिका बांधणं म्हणजे घड्याळाची तबकडी ठेवून आतली चाकं भंगारात देणं. तशी इमारत लिलावाच्या पुस्तिकेत छान दिसते, एवढंच.

बर्टनला तर आणखी एक गोष्ट होती, जी इतरत्र फारशी रुजली नाही. युनियन पद्धत. तिचं पेटंट १८३८ साली पीटर वॉकर यानं घेतलं. दोन ओळींत मोठी लाकडी पिंपं आडवी टांगायची, प्रत्येकाच्या पोटातून बाकदार नळी वर काढायची, आणि सगळ्या नळ्यांची तोंडं वरून जाणाऱ्या एकाच लांब पन्हळीत सोडायची. आंबताना यीस्टचा फेस जोरानं वर चढतो. तो नळीतून पन्हळीत पडतो, यीस्ट तिथे साचतं, आणि सोबत आलेली बिअर पन्हळीच्या उतारानं पुन्हा पिंपांत परतते. बिअर नितळ होते, यीस्ट वेगळं मिळतं, ते पुढच्या खेपेला उपयोगी पडतं. जे उरतं तेही वाया जात नसे: १९०२ साली मार्माइटचा, म्हणजे यीस्टपासून बनणाऱ्या पावाला लावायच्या पदार्थाचा, कारखाना बर्टनमध्येच निघाला, कारण ब्रुअरींतलं उरलेलं यीस्ट पावलांवर होतं.

या पद्धतीला जागा किती लागते याचा अंदाज घ्या. हजारो पिंपं एका पातळीत, एकमेकांना जोडलेली, त्यांच्यामधून माणसांना फिरायला वाट. मजला या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट हवा, तुळया भरभक्कम हव्या, खोली वर्षभर गार हवी. बर्टनच्या ब्रुअरींतले ते लांबच लांब मजले वास्तुरचनाकाराच्या हौसेतून आलेले नव्हते. यीस्टच्या स्वभावातून आले होते. अशी खोली मोकळी करून पाहिली तर ती कुठल्याही गोदामासारखीच दिसते, आणि पाहणीच्या अहवालात तिची नोंद बहुधा गोदाम अशीच होणार.

माल्ट तयार करण्याच्या इमारती आणखी वेगळ्या. त्यांचे मजले बुटके, खिडक्या लहान, कारण जव जमिनीवर पातळ थरात पसरून अंधारात, ओलसर गारव्यात मोड आणवायचे असत. आठ-दहा दिवस तो थर लाकडी फावड्यांनी उलथत राहायचा, मग भट्टीवर. हे काम उन्हाळ्यात नासायचं, म्हणून साधारण ऑक्टोबर ते मे हा हंगाम. नॉरफक आणि सफकमधले शेतमजूर सुगी आटोपली की रेल्वेनं बर्टनला येत, हिवाळाभर माल्टच्या मजल्यांवर राबत आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतत. तुमच्या गावाच्या इतिहासात या हंगामी माणसांना ब्रुअरीच्या मालकांच्या मानानं फार थोडी जागा मिळाली आहे. मालकांच्या हवेल्या आणि त्यांनी बांधून दिलेली चर्च उभी असतात, म्हणून ते आठवतात. मजुरांची खूण होती ती त्या बुटक्या मजल्यांमध्ये. एकदा तो मजला गेला की सहा फुटी माणूस दिवसभर किती वाकून काम करत असेल, हे सांगणारं काही उरत नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण सगळं गाव तिथे येऊन थांबतं. बर्टनच्या ब्रुअरी ट्रेंट नदीचं पाणी वापरतात अशी समजूत बाहेर सर्रास होती. प्रत्यक्षात त्या वापरत विहिरींचं पाणी, जे खालच्या वाळू-खडीच्या थरांतून जिप्समचे क्षार घेऊन येतं. कॅल्शियम आणि सल्फेट भरपूर असलेल्या या पाण्यात फिकट माल्टची बिअर स्वच्छ निथळते आणि हॉप्सचा कडवटपणा कोरडा, ठसठशीत लागतो. १८३० च्या सुमाराला बर्टनच्या ब्रुअरी बिअरमध्ये क्षार मिसळून भेसळ करतात असं छापून आलं, तेव्हा ब्रुअरींनी कोर्टाची पायरी चढली, आणि क्षार विहिरीतूनच येतात हे पाण्याच्या तपासणीतून पुढे आलं. पुढे गंमत अशी झाली की ज्याला आधी भेसळ म्हटलं होतं, तेच इतर गावांतले ब्रुअर मुद्दाम आपल्या पाण्यात घालू लागले. जगभरच्या ब्रुअरींत पाण्याला आजही हा संस्कार केला जातो आणि त्याला बर्टनचं नाव आहे.

मुंबईशी नातं जुळलं तेही या पाण्यामुळेच. त्याआधी तुमची बिअर जायची रशियाला. १७१२ साली ट्रेंट नदी बर्टनपर्यंत नौकावहनाला खुली झाली, आणि पिंपं हल बंदरामार्गे बाल्टिकला जाऊ लागली. ती बिअर गडद, गोडसर, जबर कडक. नेपोलियनच्या नाकेबंदीनं हा व्यापार मोडला, आणि १८२२ मध्ये रशियानं लावलेल्या जकातीनं त्यावर शेवटचा घाव घातला. तेव्हा हिंदुस्थानची बाजारपेठ लंडनच्या हॉजसन यांच्या बो ब्रुअरीच्या हातात होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान त्यांच्याकडून उधारीवर माल उचलत. हॉजसन यांनी अटी कडक केल्या, सगळा नफा आपल्याकडेच ओढायला सुरुवात केली, तेव्हा व्यापारी दुसरा पुरवठादार शोधू लागले. सॅम्युएल ऑलसॉप यांना कंपनीच्या एका संचालकानं हॉजसनची बाटली दाखवली आणि अशी बिअर करून बघा म्हटलं. मग ऑलसॉपच्या माणसानं चहाच्या किटलीत पहिला नमुना तयार केला, अशी गोष्ट सांगतात. किटली लोकांना फार आवडते. मला ती फारशी पटत नाही, आणि पटली तरी तिचं महत्त्व वाटत नाही. लंडनच्या पाण्यात जे जमत होतं ते बर्टनच्या पाण्यात अधिक चांगलं जमलं, हा त्या गोष्टीतला ठोस भाग. फिकट, भरपूर हॉप्सची, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार-सहा महिन्यांच्या प्रवासाला टिकणारी बिअर मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पोचू लागली. इथे ती पिणारे बहुतेक गोरे अधिकारी, व्यापारी आणि सैनिक.

गाव खरं वाढलं ते मात्र परदेशी व्यापारानं नव्हे, १८३९ साली आलेल्या रेल्वेनं. हा क्रम अनेकदा उलटा सांगितला जातो, कारण समुद्रप्रवास मालगाडीपेक्षा रंजक वाटतो. रेल्वे आली आणि बर्टनची बिअर लंडन, मँचेस्टर, लिव्हरपूलला स्वस्तात जाऊ लागली. ब्रुअरींनी रस्ते ओलांडून आपापले रूळ टाकले. एकट्या बासचे खासगी रूळ १५ मैलांहून अधिक होते. गावातल्या रस्त्यांवर जागोजागी फाटकं, आणि फाटक पडलं की घोडागाड्यांची रांग. वर्षातून एकदा हीच रेल्वे कामगारांच्या कामी यायची: १८६५ ते १९१४ या काळात बासचे हजारो कामगार कुटुंबांसह सहलीला जात. पहाटेपासून एकामागून एक खास गाड्या सुटत, आणि समुद्रकाठचं एखादं गाव दिवसभर बर्टनच्या लोकांनी भरून जाई. या सहलींसाठी कंपनीच्या वाहतूक विभागानं छापलेल्या पुस्तिका आजही पाहायला मिळतात. कुठली गाडी किती वाजता, कुठे काय पाहावं, काय करू नये, सगळं बारकाईनं लिहिलेलं. कारखान्याच्या इतिहासाचा इतका जिवंत कागद क्वचित सापडतो.

लंडनचं सेंट पँक्रास स्टेशन १८६८ साली उघडलं. विल्यम बार्लो यांनी फलाट जमिनीपासून उंचावर घेतले आणि त्यांखाली प्रचंड तळघर केलं, बर्टनहून येणारी पिंपं साठवायला. तिथले लोखंडी खांब १४ फूट ८ इंच अंतरानं आहेत, कारण पिंपं नीट मांडता येतील असं माप धरलं होतं. तुमच्या बिअरच्या पिंपानं लंडनच्या स्टेशनाचा पाया आखला. ते तळघर नीट दुरुस्त केलं गेलं आणि २००७ पासून युरोपला जाणारे प्रवासी त्याच खांबांमधून रांगेत पुढे सरकतात. पीप जिथे पोचायचं ती जागा शाबूत राहिली, आणि जिथून निघायचं ती गेली. लंडनवाले तुमच्यापेक्षा जास्त प्रेमळ होते असं नाही. त्या तळघराला नवं काम मिळालं आणि ते देताना जुन्या खांबांचं कारण कुणीतरी समजून घेतलं होतं, हा फरक.

तुमच्या गावातली आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे, आणि मला ती त्रिकोणाहून मोलाची वाटते. पीटर ग्रीस हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ १८६२ पासून ऑलसॉप यांच्या ब्रुअरीत नोकरीला होता. त्यानं १८५८ मध्ये शोधलेल्या डायझो संयुगांवर पुढे अ‍ॅझो रंगांचा सगळा उद्योग उभा राहिला. आज जगभर कापड रंगवणाऱ्या रंगांतला मोठा हिस्सा त्याच कुळातला. ब्रुअरीचं काम सांभाळून तो आपलं संशोधन करत राहिला. त्याच काळात बासमध्ये कॉर्नेलियस ओ'सलिवन माल्टोज साखरेचा छडा लावत होता, आणि वर्दिंग्टनमध्ये होरेस ब्राउन सूक्ष्मजीवांचा अभ्यास करत होता. तिघेही रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १८७६ साली या मंडळींनी बर्टनमध्ये बॅक्टेरियम क्लब काढला. पाश्चरचं बिअरवरचं संशोधन त्याच वर्षी प्रसिद्ध झालं होतं, त्यावर गावात लगेच चर्चा सुरू झाली. एका छोट्या औद्योगिक गावात, एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांतले रसायनशास्त्रज्ञ संध्याकाळी एकत्र बसून जंतूंविषयी बोलत होते. त्यांच्या प्रयोगशाळा कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर होत्या, आणि आज त्या जागी काय आहे, हे गावात फिरणाऱ्या माणसाला सहज समजेल अशी सोय करायला फार पैसा लागत नाही.

या इमारती पाडल्या त्या कुणी दुष्ट म्हणून नव्हे, हे मला कळतं. त्यांचं काम संपलं. जर्मन अभियंता लिंडे याच्या थंड करणाऱ्या यंत्रानं १८७० च्या दशकापासून ब्रुअरींना हंगामातून सोडवलं, तेव्हाच छपरावरच्या झडपांची गरज उतरणीला लागली. पुढे स्टेनलेस स्टीलच्या उभ्या टाक्या आल्या. त्यांच्या अंगातच थंडावा असतो, त्यांना छप्परसुद्धा लागत नाही. पंप स्वस्त झाले, तशी उंचीची गरज संपली. लॉऱ्या आल्या, आणि बासची अंतर्गत रेल्वे १९६७ मध्ये थांबली. पिंपं लाकडाची राहिली नाहीत, मग ती बनवणाऱ्या कारागिरांच्या कार्यशाळा कशाला? दरम्यान कंपन्या एकमेकींत विलीन होत होत्या: १९२७ मध्ये बास आणि वर्दिंग्टन, १९३४ मध्ये इंड कूप आणि ऑलसॉप. दोन कंपन्यांची एक झाली की दोनपैकी एक ब्रुअरी जादाची ठरते, आणि गावाच्या मधोमध असलेली जागा बिअरपेक्षा दुकानांसाठी जास्त किमतीची होते. यात गूढ काही नाही.

पण याचा शेवट कुठे झाला ते पाहा. २००० मध्ये बासनं ब्रुअरी व्यवसाय बेल्जियमच्या इंटरब्रूला विकला. मक्तेदारीच्या आक्षेपामुळे त्यांना बर्टनमधली ब्रुअरी २००२ मध्ये अमेरिकेच्या कूर्सना द्यावी लागली, बास हे नाव मात्र त्यांनी आपल्याकडेच ठेवलं. म्हणजे नाव एकाकडे, ब्रुअरी दुसऱ्याकडे, आणि मूळ इमारत कुणाकडेच नाही. इतिहास जर ब्रँडच्याच भरवशावर सोडला, तर तो कुठल्याही शहरात राहायला जाऊ शकतो. गावापाशी राहतात त्या फक्त विहिरी, जमीन आणि भिंती. त्यांचीच जबाबदारी तुमच्याकडे येते.

गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी घडल्या, ज्यांमुळे हे पत्र आत्ता लिहावंसं वाटलं. ब्रुअरीच्याच जुन्या आवारात १९७७ साली बासचं संग्रहालय सुरू झालं होतं. ते २००८ मध्ये बंद पडलं, २०१० मध्ये नॅशनल ब्रुअरी सेंटर या नावानं पुन्हा उघडलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते दारही बंद झालं, कारण ती जागा कूर्स कंपनीच्या कार्यालयासाठी हवी होती. दुसरी गोष्ट, बर्टनमध्ये युनियन पद्धतीची पिंपं अखेरपर्यंत चालवली ती मार्स्टननं, आणि २०२४ मध्ये तीही थांबली. त्यांतला एक संच शेजारच्या डर्बीशरमध्ये, बेकवेलच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीनं नेला आणि चालू केला. संच वाचला याचा आनंदच आहे. पण बर्टनची पद्धत पाहायची तर बेकवेलला जा असं सांगावं लागतं, हे तुम्हांला कसं वाटतं?

इतर औद्योगिक शहरांकडे नजर टाकली तर दोन्ही तऱ्हा दिसतात. जर्मनीतल्या डॉर्टमुंडला कोळसा, पोलाद आणि बिअर यांचं शहर म्हणत. तिथल्या युनियन नावाच्या ब्रुअरीचा १९२६-२७ मध्ये बांधलेला मनोरा म्हणजे मजल्यांवर मजले चढवलेलं तळघर होतं: आंबवणं आणि साठवणं, जे इतर ठिकाणी जमिनीखाली चालायचं, ते तिथे आकाशात. १९६८ मध्ये त्यावर नऊ मीटर उंचीचं सोनेरी 'यू' अक्षर बसवलं. १९९४ मध्ये उत्पादन थांबलं, भोवतालचा बहुतेक कारखाना पाडला, पण मनोरा ठेवला आणि २०१० पासून तिथे कलाकेंद्र आहे. लीड्समध्ये टेटलीची ब्रुअरी २०११ मध्ये बंद झाली आणि लगोलग पाडली. १९३१ चं देखणं मुख्यालय तेवढं ठेवलं, तिथे काही वर्षं कलादालन चाललं. डॉर्टमुंडला बिअर जिथे पिकायची ती जागा राहिली. लीड्सला हिशेब जिथे व्हायचे ती राहिली. माझ्या लेखी हा फरक मोठा आहे, जरी दोन्हीकडे पर्यटकांच्या हातात सारखीच माहितीपत्रिका पडत असली तरी.

आता मागणं. तुमच्या देशाचं नियोजन धोरण आधीच सांगतं की वारसा-वास्तू पूर्ण किंवा अंशतः नष्ट होणार असेल तर विकासकानं तिच्या महत्त्वाच्या प्रमाणात तिची नोंद करावी आणि ती लोकांना उपलब्ध करावी. त्याच परिच्छेदात हेही आहे, की नोंद करता येते एवढ्यावरून पाडायला परवानगी देऊ नये. हे दुसरं वाक्य मी इथे मुद्दाम आणतो आहे, कारण माझं म्हणणं 'रेखाटनं करून घ्या आणि खुशाल पाडा' असं वाचलं जायला नको. जे उभं आहे ते शक्य तिथे उभंच राहावं. माल्टची उरलेली कोठारं, पाण्याचे मनोरे, कार्यशाळा यांना नवं काम देता येतं, हे तुमच्याच गावात काही ठिकाणी झालं आहे.

पण जिथे पाडणं अटळ ठरेल, तिथे नोंदीची अट घालताना एवढं स्पष्ट लिहा: इमारतीची नोंद प्रक्रियेच्या वाटेनं करावी. माल्ट वर कुठून चढला, कुठल्या भोकातून खाली आला, काढा कुठे उकळला, कुठे निवला, आंबला, भरला, या क्रमानं. रस्त्याकडून काढलेली चार छायाचित्रं आणि विटांच्या बांधणीचं वर्णन पुरेसं मानू नका. छपरापासून तळघरापर्यंत इमारत उभी कापल्यासारखं मोजून काढलेलं एक चित्र असल्याशिवाय अहवाल स्वीकारू नका. त्यात मजल्यांची भोकं, बुजवलेले नळ, तुळयांवरच्या कप्प्यांच्या खुणा दाखवायला सांगा. आल्फ्रेड बर्नार्ड यांनी १८८९ ते १८९१ दरम्यान ब्रिटन-आयर्लंडमधल्या ब्रुअरींची वर्णनं चार खंडांत छापली, ती याच वाटेनं फिरून. त्या लिखाणात मालकांची स्तुती जरा जास्तच आहे, पण कुठला हौद कुठल्या मजल्यावर हे त्यांच्याकडून कळतं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाला टिपणवही घेऊन जे जमलं, ते आज लेझरनं मोजणाऱ्यांना जमायला हवं.

विहिरींची गोष्ट वेगळी लिहायला हवी. पाडकाम झालं की विहीर बुजवतात, वर वाहनतळ येतो. प्रत्येक जुन्या ब्रुअरीच्या विहिरी कुठे आहेत, किती खोल, पाण्यात काय आहे, याचा एकत्र नकाशा बनवा. गाव या पाण्यावर उभं राहिलं. वाहनतळाच्या डांबरावर एक लोखंडी झाकण आणि त्यावर विहिरीचं नाव, इतकं तर कुठल्याही बांधकामाच्या खर्चात बसतं.

आणि माणसं. युनियनच्या खोलीत काम केलेले, रुळांवर फाटकं पाडलेले, लाकडी पिंपांना पोलादी पट्ट्या ठोकलेले जे कोणी आज हयात आहेत, ते म्हातारे आहेत. नोंद करणाऱ्या तज्ज्ञाबरोबर त्यांच्यापैकी एकाला इमारतीत फिरवण्याची अट घाला, पाडकामाच्या आधी. दारातून आत शिरताच तो माणूस सांगेल की हा कोपरा नेहमी ओला असायचा आणि त्या जिन्यावर डोकं आपटायचं. असं काही कुठल्याही आराखड्यात सापडत नाही. त्यांचं मानधन विकासकाकडून घ्या. सल्लागारांच्या बिलात ते दिसणारही नाही.

शेवटची विनंती संग्रहालयाविषयी. तिथल्या वस्तू, नकाशे, हिशेबाच्या वह्या, छायाचित्रं यांना कायमचं छप्पर मिळेपर्यंत निदान रेखाटनं आणि नकाशे स्कॅन करून सर्वांना खुले करा. मुंबईतल्या वाचकाला तुमच्या हाय स्ट्रीटवरच्या ब्रुअरीचा उभा छेद घरबसल्या पाहता आला, तर इथल्या जुन्या गोदी आणि बंदराच्या कागदांत तुमच्या पिंपांची दुसरी बाजू शोधणारे लोक निघतील. पत्राचं इंग्रजी भाषांतर हवं असल्यास कळवा, आनंदानं पाठवीन.

आपला,
औद्योगिक इतिहासाचा एक मराठी वाचक